मालवणला जाताय? होडी कुणाची आहे, तेवढं विचारून बसा

दिवाळी झाली, आता नाताळ. आपल्याकडून टेम्पो ट्रॅव्हलर सुटायचे दिवस. धाराशिव घ्या, तुळजापूर घ्या, उमरगा घ्या. रात्री जेवून निघायचं, सोलापूर-सांगोला-मिरज-कोल्हापूर करत पहाटे घाट उतरायचा आणि दुपारी मालवणात सुरमईचं ताट. चारशे-साडेचारशे किलोमीटरचा पल्ला, पण आपल्या माणसाला आता तो लांब वाटत नाही. पाण्याचं आकर्षण कुणाला जास्त असणार? ज्याच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही त्यालाच!

तर सध्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पॅकेज फिरतंय. दोन रात्री, तीन दिवस. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, बंपर राईड, डॉल्फिन, किल्ला, सगळं एकाच पैशात. जाणाऱ्यानं जावं. वर्षभर राबणाऱ्या माणसानं चार दिवस मजा केली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण ज्या पाण्यावर आपण मजा करतो, ते पाणी कुणाचं आहे आणि आपला पैसा कुणाच्या हातात पडतो, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतोय. म्हणून ही जरा लांब पोस्ट. शेवटी ती आपल्याच धरणांवर येणार आहे, त्यामुळं "धाराशिवच्या पत्रकाराला समुद्राची काय पडली" असं लगेच म्हणू नका.

आधी पाण्याखाली काय आहे ते बघू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळ आहेत. आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचे हे भाऊबंद. (अंगठीतलं लाल पोवळं मुळात भूमध्य समुद्रातलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळंही आहे आणि त्याच ग्रंथात भडोचला गाड्या भरून माल पाठवणारं 'तगर' आहे. तगर म्हणजे आपलं तेर. म्हणजे समुद्राशी आपलं नातं टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा जुनं आहे.)

तर प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. बारीक बारीक जीव एकत्र राहून चुन्याची वसाहत बांधतात. त्यांच्या अंगात एक प्रकारचं शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं दिल्यासारखं त्यातलं देतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा एखाद अंशानं चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की भाडेकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरायला लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ते झालं हवामानाचं. पण त्याशिवाय माणूस जे करतो ते वेगळं. बोटीचा नांगर थेट प्रवाळावर पडतो. पोहायला उतरलेला पर्यटक दमला की त्याच्यावरच पाय ठेवून उभा राहतो. मासे जवळ यावेत, फोटो चांगला यावा, म्हणून पाव टाकला जातो. गोलाकार दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. आपल्या एका लाथेला कधी कधी दहा वर्षांचा हिशोब लागतो.

कायद्यानं प्रवाळाला वाघाच्या रांगेत बसवलंय. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो. आणि मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक हा गाभा. किती जणांना माहीत आहे? किल्ल्यावर जाऊन आलेल्या आपल्या मित्रांना विचारा. अभयारण्यातून होडीनं गेलो हे दहातल्या एकालाही माहीत नसेल.

याचं कारण सरळ आहे. अभयारण्य कागदावर आलं तेव्हा तिथल्या मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही. आता आपली मासेमारी बंद करणार, अशी भीती त्यांना वाटली आणि त्यांनी विरोध केला. तो विरोध पुढं वर्षानुवर्षं चालला. मी मच्छीमारांना दोष देणार नाही. ज्याच्या दारात समुद्र, त्यालाच विचारायचं नाही आणि मंत्रालयातून नकाशावर रेघ मारायची. असल्या रेघा आपण मराठवाड्यातही बघितल्या आहेत. धरणात गावं गेली तेव्हा.

आणि त्या लोकांना सामूहिक व्यवहार शिकवायला बाहेरून कुणी जायची गरज नव्हती. कोकणात रापण म्हणून मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीनं लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. मासळीचा लिलाव तिथंच वाळूवर. आलेल्या पैशाचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. सहकार, सहकार म्हणून आपण साखर कारखान्याचं कौतुक करतो, पण हा सहकार त्याच्या कितीतरी आधीचा. पुढं मोठ्या जाळ्यांच्या आणि दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या यांत्रिक बोटी आल्या आणि रापणकराच्या वाट्याला येणारी मासळी कमी होत गेली. तरुण पोरं पर्यटनाकडं वळली ती हौसेनं नाही.

आता वेंगुर्ल्याला चला. मालवणच्या दक्षिणेला, गोव्याच्या बाजूला. पॅकेजमध्ये सहसा हे गाव नसतं.

तिथं मांडवी नावाची खाडी आहे. खाडीच्या दोन्ही काठांना कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा आणि राज्य सरकारचा एक प्रकल्प २०११-१२ पासून काही वर्षं सिंधुदुर्ग किनाऱ्यावर चालला. तो प्रकल्प आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांच्या मदतीनं स्वामिनी नावाच्या महिला बचत गटानं २०१७ च्या सुमारास तिथं खाडीची सफर सुरू केली. गट छोटा, दहाएक जणींचा. होड्या वल्ह्याच्या, इंजिन नाही. वल्हवणाऱ्या बायका, माहिती देणाऱ्याही त्याच. हा तिवर, हा कांदळ, याची मुळं अशी वर का येतात, मासळी अंडी घालायला इथंच का येते, हा पक्षी कोणता. त्यांनी हे प्रशिक्षण घेऊन शिकून घेतलं आणि आता त्या आपल्यासारख्या घाटावरच्या माणसाला शिकवतात.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? पुरस्कार, बातम्या, पाहुण्यांच्या भेटी, ते सगळं झालं. पण ज्या कांदळवनाकडं सरपण म्हणून किंवा भराव टाकायची जागा म्हणून बघितलं जायचं, ते उभं राहण्यात आता गावातल्या दहा चुलींचा थेट फायदा आहे. उद्या कुणी कुऱ्हाड घेऊन आला तर त्याला आधी या बायका आडव्या येतील, वनरक्षक नंतर. रक्षण करायचं तर रक्षणात ज्याचं पोट आहे असा माणूस लागतो. मालवणला १९८७ साली हेच राहून गेलं.

इथून कयाककडं वळतो. कयाक म्हणजे एका-दोघांची निमुळती होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं मारायची. तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या खाडीत तुम्ही लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या कयाक बघितल्या असतील. आपण त्यांना 'पोरांचं खेळणं' समजून पुढं जातो आणि जेट स्कीच्या रांगेत उभे राहतो. मला उलटं वाटतं. या किनाऱ्याला शोभणारं पर्यटन असलंच तर ते हेच.

कारण कयाकला पाणी वीतभर लागतं. तळाला पंखा नाही, त्यामुळं उथळ खडकावरून, कांदळाच्या मुळांमधून ती जाते आणि काही कापत नाही. तेल सांडत नाही, आवाज नाही. स्पीडबोटीच्या आवाजानं उडून जाणारा बगळा कयाकमधून दहा हातांवर दिसतो. हे झालं निसर्गाचं, पण माझा मुद्दा त्याहून जास्त पैशाचा आहे. स्पीडबोट, जेट स्की, पॅरासेलिंगची बोट यांना लाखांत भांडवल लागतं. ते मच्छीमाराच्या पोराकडं नसतं. मग तो सावकाराकडं जातो, नाहीतर बाहेरून आलेल्या मालकाकडं पगारावर राहतो. कयाक काही हजारांत येते. दहा बायकांचा बचत गट चार कयाक स्वतःच्या बळावर घेऊ शकतो. डिझेलचा खर्च नाही, इंजिनाचा मिस्त्री नाही. म्हणजे पर्यटकानं दिलेल्या शंभर रुपयांतले जास्तीत जास्त रुपये गावातच राहतात. छोट्या माणसाला मालक होता येतं असं साधन आहे हे.

आता दुसरी बाजू. कयाक म्हणजे देवानं पाठवलेलं विमान नव्हे. खाडीत आणि किनाऱ्याच्या आडोशाला ठीक, तेही सकाळी. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की नवख्या माणसाला ती काठावर आणणं जड जातं. भरती-ओहोटीचं गणित चुकलं तर कांदळवनाच्या चिखलात अडकून बसाल. उघड्या समुद्रात, वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या खडकांपर्यंत कयाकनं जायचं असले हट्ट हौशी माणसानं करू नयेत. मे महिन्याच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रातला हा सगळा व्यवसाय बंद असतो आणि तो असलाच पाहिजे. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. ऐन मे अखेरची तारीख आहे ती. राज्यानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणूस, सुरक्षेची साधनं सगळं लिहिलंय. आपण बुकिंग करताना 'किती कमी करणार' एवढंच विचारतो. लाइफ जॅकेट फाटकं असलं तरी फोटोपुरतं घालतो आणि मग काढून मांडीवर ठेवतो.

आणखी एक. 'स्थानिक' हा शब्द म्हणजे गंगाजल नाही. शिंपडला की सगळं पवित्र, असं होत नसतं. पाव टाकणारा गाइड स्थानिकच असतो, प्रवाळावर नांगर टाकणाराही बऱ्याचदा स्थानिकच. सीझन अडीच-तीन महिन्यांचा, त्यात कर्जाचे हप्ते. चार फेऱ्या जास्त मारल्या की नांगर कुठं पडला हे कोण बघतो? म्हणून नुसतं स्थानिकांना द्या म्हणून भागत नाही. किती होड्या, किती माणसं, कुठं जायचं नाही, हे गावानं मिळून ठरवायचं आणि ठरवलेलं पाळायचं.

थायलंडचं उदाहरण त्यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. फुकेतजवळ फांग न्गा नावाच्या उपसागरात चुनखडीची बेटं आहेत. बेटांच्या पोटात गुहा, आणि गुहेतून आत गेलं की वर आभाळ उघडं असलेली तळी. ओहोटीच्या ठराविक वेळेतच आत जाता येतं. १९८९ साली तिथं एका कंपनीनं समुद्री कयाकच्या सफरी सुरू केल्या. मोजकी माणसं, आवाज नाही, कचरा नाही, वल्हवणारे गाइड तिथलेच. जगभर नाव झालं. मग त्या यशाकडं बघून दुसरे आले, तिसरे आले. काही वर्षांत त्याच शांत गुहांच्या तोंडाशी कयाकची रांग लागायला लागली. कयाक तीच होती, फक्त संख्येला लगाम नव्हता. त्याच देशातली माया बे तर पार बंद करायची वेळ आली. सिनेमामुळं प्रसिद्ध झालेला तो छोटा किनारा, दिवसाला हजारो माणसं, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ उद्ध्वस्त. २०१८ मध्ये सरकारनं कुलूप लावलं, २०२२ च्या जानेवारीत उघडलं ते मर्यादा घालून. बोटी आता किनाऱ्याला समोरून लावायच्याच नाहीत, मागच्या बाजूनं यायचं. तीन-साडेतीन वर्षं धंदा बुडाला. गर्दी आधीच आवरली असती तर ही वेळ आली नसती.

गर्दी आवरून गावानं कमावल्याचं उदाहरण बघायला मात्र थायलंडला जावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथं कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. २००६ पासून कासव महोत्सव. पर्यटक गावकऱ्यांच्या घरात राहतो, घरातली बाई जे रांधेल ते जेवतो आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर शांत बसून इवलीशी पिल्लं समुद्राकडं जाताना बघतो. हॉटेल नाही, डीजे नाही. तरी लोक पुण्या-मुंबईहून येतात. कासवाची अंडी काढून नेली जायची त्याच किनाऱ्याला आता अख्खं गाव कासवाचं गाव म्हणून ओळख सांगतं.

याच्या उलट आपल्या सरकारचा जीव कशात रमतो? भव्य गोष्टीत. नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' जहाज निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची योजना चालू आहे, कोट्यवधींची. माझा तिला विरोध नाही. जहाजावर मासळी जमते, प्रवाळही धरतो, जगात झालेलं आहे. खऱ्या प्रवाळावरचा ताण त्यानं कमी झाला तर उत्तमच. पण त्या जहाजाचं तिकीट कोण फाडणार? निवतीच्या मच्छीमार सोसायटीचा त्यात वाटा किती? रापणीत ओढणाऱ्याचाही वाटा असतो. सरकारी प्रकल्पात तो का नसावा? सिंधुदुर्ग १९९७ सालापासून 'पर्यटन जिल्हा' आहे. एवढ्या वर्षांनंतरही हा प्रश्न विचारावा लागतो.

आता घरी या.

आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण यंदा पाणी कमी नाही. सीना-कोळेगाव भरलं, निम्न तेरणा भरलं, नळदुर्गचं बोरी धरण भरून किल्ल्यातला नर-मादी धबधबा कोसळताना लोकांनी डोळे भरून बघितला. आणि असं भरलं की लगेच 'जलपर्यटन' हा शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी येतो. बोटिंग सुरू करणार, स्पीडबोट आणणार, धरणाकाठी रिसॉर्ट. मला भीती वाटते ती पुढच्या वाक्याची. "ठेका देण्यात येईल."

ठेका कुणाला? जो अनामत भरेल त्याला. धरणात ज्याची जमीन गेली तो अनामत भरू शकत नाही. त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारा भोई समाजाचा माणूस भरू शकत नाही. धरणातली मासेमारी कायद्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना मिळते, पण कैक ठिकाणी संस्था नावाला आणि मागं व्यापारी, हे उघड गुपित आहे. बोटिंगचं वेगळं काय होणार? ठेकेदार सोलापूरचा नाहीतर पुण्याचा, बोट त्याची, तिकीट त्याचं, आणि गावच्या पोराला वॉचमनची नोकरी.

त्यात आपलं पाणी भरवशाचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरणाला तळ लागला म्हणून मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, विसरला नसाल. ज्या वर्षी धरण कोरडं, त्या वर्षी लाखोंची स्पीडबोट काठावर उन्हात तडकणार. ठेकेदार पळून जाणार आणि जेट्टीचे खांब तेवढे उभे राहणार. कयाक आणि वल्ह्याची होडी मात्र उचलून गोठ्यात ठेवता येते. पुढच्या पावसाळ्यानंतर धुऊन काढली की झालं. दुष्काळी मुलखाला असंच साधन परवडतं, जे बसून राहिलं तरी व्याज खात नाही.

"आपल्या बायकांना हे जमणार नाही" असं म्हणणाऱ्यांना मी फक्त ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण देतो. भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात घरं उभी करताना बायकांनी गावोगाव बसून हिशोब तपासले, बांधकामावर देखरेख केली. स्वयम शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेचं काम इथूनच वाढलं. बचत गट काय असतो हे सास्तूरच्या बाईला वेंगुर्ल्याला जाऊन शिकायचं नाही. तिला फक्त पाण्यावर बसायला शिकायचंय. आणि पाहुणा घरात ठेवायचा म्हणाल, तर तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यजमान उतरतात, तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. होम स्टे हा शब्द नवा आहे, व्यवहार आपल्या जुन्या ओळखीचा आहे. वर्षाला लाखो माणसं भवानीच्या दर्शनाला येतात आणि त्याच दिवशी परत फिरतात. त्यातल्या हजारातल्या एकानं जरी नळदुर्गला, तेरच्या लामतुरे संग्रहालयाला आणि धरणावर सकाळचे दोन तास काढले, तरी चार गावांचं भागेल.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. गेल्या सप्टेंबरात परंडा-भूममध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. सीनेनं गावं वेढली, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. बाहेरची पथकं येईपर्यंत छतावर बसून राहिलेल्या माणसांचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलमध्ये असतील. नदीकाठच्या गावात दहा होड्या, वीस लाइफ जॅकेट आणि पाण्याला न घाबरणारी, प्रशिक्षण झालेली दहा पोरं-पोरी असत्या तर? पुराच्या लोंढ्यात कयाक घालायची नसते, हे मलाही कळतं. पण पाणी उतरायला लागल्यावर औषध पोचवणं, म्हाताऱ्या माणसाला काठावर आणणं, एवढं तरी गावाला स्वतः करता आलं असतं. पर्यटनातून हे माणूसबळ आपोआप तयार होतं, आणि एरवी त्यासाठी वेगळा निधी मागावा लागतो.

पैशाचं म्हणाल तर रस्ता आहे. पर्यटन खात्याचं २०२३ चं 'आई' धोरण महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठीच आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा सरकार देतं. माझ्या माहितीतल्या बचत गटांना मी विचारलं, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नाही. जिल्ह्यात शेळी आणि शिलाई मशीन यापलीकडं बचत गटाच्या कर्जाचं स्वप्न जात नाही. तो दोष बायकांचा नाही, माहिती त्यांच्यापर्यंत नेणाऱ्यांचा आहे.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जलसंपदा खात्यात ज्यांची उठबस आहे अशा मित्रांना माझं सांगणं आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही धरणावर बोटिंगचा विषय निघेल तेव्हा अटींत एवढं लिहून घ्या. पहिला हक्क धरणग्रस्त गावातल्या बचत गटाचा आणि तिथल्या मच्छीमार संस्थेचा. त्यांनी नको म्हटलं तरच बाहेरच्याला. अनामत त्यांना परवडेल एवढीच. पहिली पाच वर्षं इंजिनाची बोट फक्त बचावासाठी. जाळी टाकायची जागा आणि पक्ष्यांची जागा सोडून फिरायचं, ती जागा मासेमारी करणाऱ्यांनीच दाखवायची. किती होड्या हे ग्रामसभेत ठरेल, आणि पिण्याच्या पाण्याचा साठा राखीव पातळीला आला की बोटिंग बंद, त्यावर चर्चा नाही. टेंडर निघाल्यावर आंदोलन करून उपयोग नसतो, हे आपल्याला पुरेसं कळून चुकलंय. आत्ताच निवेदन द्या, मसुदा करायला मी बसतो.

आणि नाताळात मालवणला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. एक सकाळ वेंगुर्ल्यासाठी ठेवा. मांडवी खाडीत भरतीची वेळ आधी फोनवर विचारून घ्या, ओहोटीला गेलात तर चिखल बघून याल. देवबागला कयाक घेतलीत तर सकाळी नऊच्या आत घ्या, जॅकेटचा पट्टा आवळून बांधा. किल्ल्यामागं पाण्यात उतरलात तर गाइडला आधीच सांगा, पाव टाकू नको आणि नांगर वाळूवर टाक. राहायला गावातल्या माणसाचं घर बघा. आणि परत आलात की त्या बायकांनी खाडीत काय काय सांगितलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. सीना-कोळेगावकाठच्या दोन बचत गटांना मला ते वाचून दाखवायचंय.